पत्रं उरतात ती दुराव्याची

एका वाचकाने विचारलंय. ते एका दिवंगत कवीचं चरित्र लिहितायत. कवीच्या मुलीने वडिलांची ट्रंक विश्वासाने त्यांच्या हवाली केली. आत हिशेबाच्या वह्या, कात्रणं, कवितांची कच्ची बाडं आणि तळाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा : घराबाहेरच्या एका स्त्रीची 37 पत्रं. मुलीला याचा पत्ता नाही. ही पत्रं चरित्रात घ्यायची का? आणि पुढे त्यांनीच जोडलंय, की मुळात कविता पुरेशी नाही का, कवीच्या घरात डोकावायचंच कशाला?

दुसरं आधी उरकतो. कविता पुरेशी असते. चरित्र न वाचता कुणी ती आयुष्यभर वाचली तर त्याचं काहीही अडत नाही. पण तुम्ही चरित्र लिहायला बसलात, म्हणजे हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवूनच आत आलात. आता आत आल्यावर डोळे मिटून चालण्यात अर्थ नाही. बघायचं ते नीट बघा, एवढंच.

आणि नीट बघणं अवघड आहे. पंचवीस वर्षं हे काम करतोय; तीन चरित्रं झाली, चौथं रखडलंय. इतक्या वर्षांत एका गोष्टीबद्दल माझी खात्री पटली आहे : ट्रंकेत सापडतं ते लेखकाचं खासगी आयुष्य नसतं. ते त्या आयुष्याचं उरलंसुरलं असतं, आणि तेही कुणीतरी ठेवायचं ठरवलं म्हणून उरलेलं.

पत्र कधी लिहिलं जातं? माणसं लांब असतात तेव्हा. चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या, रोज बोललेल्या, भांडलेल्या, अबोला धरून पुन्हा बोललेल्या नवराबायकोचा कागद जवळजवळ शून्य असतो. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या स्नेह्याची पत्रं मात्र शेकड्याने. आपण कागदावर जगणारे लोक. ज्याचा कागद जास्त त्याचं वजन जास्त, असं नकळत धरून चालतो. माझ्या पहिल्या चरित्रात हेच झालं. चरित्रनायकाच्या एका पत्रमित्राला मी अख्खं प्रकरण दिलं, आणि पत्नीला मिळून दीड पान. पुस्तक आल्यावर चरित्रनायकाच्या धाकट्या भावाने ते वाचलं, माझं कौतुकही केलं, आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "पण वहिनी कुठे गेली हो यात?" मला उत्तर देता आलं नाही. वहिनीचा कागदच नव्हता.

म्हणून गठ्ठा हातात आला की मजकुराआधी मी विचारतो, हा उरला कसा? कुणी ठेवला, कुणी ठेवू दिला, आणि याच्या शेजारचं काय जाळलं गेलं?

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं उदाहरण मला कायम आठवतं. सप्टेंबर 1860मध्ये त्याने गॅड्स हिलच्या घरामागे वीसेक वर्षांचा पत्रव्यवहार पेटवला. मुलांनी टोपल्याच्या टोपल्या भरून कागद आणले आणि मग त्याच राखेत कांदे भाजले, अशी आठवण आहे. दोन वर्षांपूर्वी, 1858मध्ये, तो दहा मुलांच्या आईपासून, कॅथरिनपासून, वेगळा झाला होता. 1857मध्ये त्याला एलेन टर्नन ही अठरा वर्षांची नटी भेटली होती, तो पंचेचाळिशीचा. आलेली पत्रं जाळता येतात. पण आपण लिहिलेली पत्रं दुसऱ्यांच्या कपाटात असतात, तिथे हात पोचत नाही. कॅथरिनने त्याची पत्रं जपून ठेवली होती. 1879मध्ये, मरणाआधी, तिने ती मुलीच्या हाती दिली आणि सांगितलं की ही ब्रिटिश म्युझियमला दे, कधीकाळी त्याचं माझ्यावर प्रेम होतं हे जगाला कळू दे.

हे वाचल्यापासून "खासगी पत्रं छापणं म्हणजे खासगीपणावर घाला" हे वाक्य मला सरसकट उच्चारता येत नाही. कॅथरिनच्या बाबतीत गप्प बसणं हाच अन्याय झाला असता. एलेनच्या बाबतीत नेमकं उलट. डिकन्स गेल्यावर तिने लग्न केलं, आपलं वय दहा-बारा वर्षांहूनही जास्त लपवलं, आणि 1914मध्ये ती वारली तोवर तिच्या मुलाला आईच्या पूर्वायुष्याची कल्पना नव्हती. एकाच माणसाच्या आयुष्यातल्या दोन बायका : एकीला कागद उघडे व्हायला हवे होते, दुसरीला पुसून टाकायचे होते. तुमच्या 37 पत्रांमागची बाई यातली कोणती, हे तुम्हाला अजून माहीत नाही. मलाही नाही.

जॉन फॉर्स्टर हा डिकन्सचा जिवलग मित्र आणि पहिला मोठा चरित्रकार. त्याला सगळं ठाऊक होतं. तीन खंडांत त्याने टर्ननबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण परिशिष्टात त्याने डिकन्सचं मृत्युपत्र जसंच्या तसं छापलं, आणि त्यात पहिलीच देणगी मिस एलेन लॉलेस टर्नन हिच्या नावे 1000 पौंडांची आहे. दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही. मला हा माणूस त्यासाठी आवडतो. मित्राशी निष्ठा आणि पुढच्या वाचकाशी इमान, दोन्ही त्याने एका परिशिष्टात बसवलं.

त्याच काळातली कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल हिला मात्र हा तोल साधला नाही. 'जेन एअर' लिहिणारी तिची मैत्रीण शार्लट ब्राँटी 1855मध्ये गेली. वडिलांनीच गॅस्केलबाईंना चरित्र लिहायला सांगितलं. माहिती गोळा करायला त्या ब्रुसेल्सला गेल्या आणि शार्लटचे तिथले शिक्षक कॉन्स्टंटिन हेगर यांना भेटल्या. शार्लटने मायदेशी परतल्यावर या विवाहित शिक्षकांना लिहिलेल्या पत्रांत काय आहे ते त्यांना तिथे समजलं. उत्तराची आर्जवं करणारी, मान खाली घालून लिहिलेली पत्रं आहेत ती. वडील हयात, नवरा हयात; गॅस्केलबाईंनी त्यातले निरुपद्रवी तुकडे तेवढे घेतले. इथवर मला समजतं. पण त्याच पुस्तकात त्यांनी शार्लटच्या भावाच्या अधःपाताचं खापर एका विवाहित स्त्रीवर फोडलं, तेही मुख्यतः घरच्यांच्या सांगण्यावरून. खटल्याची धमकी आली आणि 1857ची ती आवृत्ती बाजारातून परत घ्यावी लागली. स्वतःच्या मैत्रिणीवर पांघरूण आणि परक्या बाईची चव्हाट्यावर चर्चा. आपण सगळेच असं करतो, फक्त आपल्याला दिसत नाही. चरित्रनायकाच्या चुकीला आपण "गुंतागुंत" म्हणतो, त्याच्या आयुष्यातल्या दुय्यम माणसांच्या चुकीला चूक.

त्या पत्रांची गोष्ट इथे संपत नाही. हेगरांनी ती फाडून टाकली होती. त्यांच्या पत्नीने कचऱ्याच्या टोपलीतून तुकडे काढले, जुळवले, काही दोऱ्याने शिवले आणि ठेवून दिले. 1913मध्ये हेगर कुटुंबाने ती ब्रिटिश म्युझियमला दिली आणि 'टाइम्स'मध्ये ती छापून आली. क्षणभर तो शिवलेला कागद डोळ्यांसमोर आणा. आपल्या नवऱ्याला दुसरीने लिहिलेलं पत्र एक बाई बसून दोऱ्याने शिवते आहे. पुरावा म्हणून? मत्सराने? की पुढे कधी कुणी आळ घेतलाच तर नवऱ्याचं वागणं सरळ होतं हे दाखवायला? पत्रातला मजकूर शार्लटबद्दल सांगतो. टाके मादाम हेगरबद्दल सांगतात. आणि तिच्या मनाचा दुसरा कागद आपल्याकडे जवळपास नाहीच.

डायरी तरी खासगी असते का? टॉलस्टॉयने 1862मध्ये लग्नाआधी आपल्या डायऱ्या सोफियाला वाचायला दिल्या. पूर्वायुष्यातल्या सगळ्या भानगडींसकट. ती अठरा वर्षांची होती. पुढे दोघंही डायरी लिहीत राहिले आणि दोघांनाही पक्कं माहीत होतं, की दुसरा वाचणार आहे. अशी डायरी म्हणजे अर्धं पत्रच. 1910मध्ये, शेवटच्या वर्षी, त्याने फक्त स्वतःसाठी म्हणून एक वेगळी वही सुरू केली आणि बुटात लपवली. तीही सोफियाला सापडली. तेव्हा डायरीत "आज मी तिच्यावर रागावलो" असं दिसलं की लगेच तारीख टाकून प्रकरण लिहू नका. ते कुणी वाचावं म्हणून लिहिलंय, हे आधी बघा.

मराठीत या बाबतीत आपण श्रीमंत आहोत, आणि ते आपल्या फारसं लक्षात येत नाही. मोठ्या माणसाच्या घरातलं चरित्र आपल्याकडे चरित्रकारांनी कमी आणि बायकांनी जास्त लिहिलंय. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910च्या, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934पासूनची, सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' 1990चं, तेही पु. ल. हयात असताना. तिघींचा स्वर वेगळा. पण जो कागद ट्रंकेत कधीच सापडला नसता तो या तिघींनी स्वतः तयार करून ठेवला. 'स्मृतिचित्रे'तले टिळक, म्हणजे लक्ष्मीबाईंचे पती कवी ना. वा. टिळक, तापट आहेत, लहरी आहेत, घरात चार दिडक्या टिकू देत नाहीत. ते वाचून कवी लहान झाला असं मला कुणी सांगितलेलं नाही. उलट एरवी तसबिरीत अडकून पडला असता तो माणूस हिंडताफिरता झाला. खासगी गोष्ट सांगितल्याने लेखकाची प्रतिमा मलिन होते म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक पुन्हा काढून बघावं. मलिन करते ती सांगणाऱ्याची नजर. लक्ष्मीबाई स्वतःलाही तेवढ्याच हसतात.

आणखी एका सापळ्याबद्दल सांगायला हवं, कारण कवीच्या चरित्रात तुम्ही त्यात पडणारच. शेवट माहीत असल्यामुळे आपण आयुष्य उलटं वाचतो. बालकवी 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वय 27. अपघात की आत्महत्या, यावर पुढे बोललं गेलं. आणि मग लोक त्यांच्या कवितांत खिन्नता शोधत सुटले. पाण्यात पाय सोडून बसलेल्या त्या झाडातही मरण दिसू लागलं. कविता लिहिताना त्या माणसाला 5 मे ही तारीख ठाऊक नव्हती. मी कच्चा मसुदा लिहितो तेव्हा एक नियम पाळतो : 1912 सालच्या प्रकरणात मला 1913 माहीत नाही. खोटं नाटक आहे हे, पण त्याने निम्म्या भविष्यवाण्या गळून पडतात.

लेखक माणूस म्हणून वाईट निघाला तर काय, असंही लोक विचारतात. इंग्रज कवी-कादंबरीकार टॉमस हार्डी आणि त्याची पत्नी एमा यांचं लग्न कित्येक वर्षं नावापुरतं होतं. 1912मध्ये ती अचानक गेली. तिच्या कागदांत त्याला नवऱ्याबद्दलच्या कडवट नोंदी सापडल्या, त्या त्याने जाळल्या, आणि मग तिच्यावर त्याच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम कविता लिहिल्या. यातून पतीला गुण किती द्यायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. चरित्रकाराने परीक्षक होऊ नये. घटना क्रमाने मांडाव्या. याच हार्डीने आपलं चरित्र स्वतःच तृतीयपुरुषात लिहून ठेवलं आणि ते दुसऱ्या पत्नीच्या नावावर 1928 आणि 1930मध्ये दोन भागांत बाहेर आलं. आपल्या धंद्यातल्या माणसाला यावर हसावं की रडावं कळत नाही.

कागद अपुरा, म्हणून माणसांकडे जावं लागतं. तिथे एक युक्ती सांगतो. "ते लिहायचे कसे हो?" असं विचारलं की घोटून गुळगुळीत झालेली आठवण मिळते, तीच, त्याच शब्दांत, तिसऱ्यांदा. त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारा. एका कादंबरीकाराच्या मुलाला मी विचारलं, "टेबल कुठे होतं?" तो थांबला. मग म्हणाला, "टेबल आमच्या अभ्यासाला होतं. बाबा पलंगावर मांडीवर फळी घेऊन लिहायचे." आणि मग स्वतःच : "म्हणजे आम्ही झोपायला आलो की त्यांना उठावं लागायचं." त्या लेखकाची प्रकरणं इतकी आखूड का, यावर मी एक सिद्धान्त रचत होतो. फळी कळल्यावर तो फाडला.

आता तुमचा गठ्ठा. आधी व्यवहार. पत्राचा कागद ज्याच्या ताब्यात तो कागदाचा मालक. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. म्हणजे ही 37 पत्रं छापायला कवीच्या मुलीची परवानगी पुरणार नाही. ती त्या बाईंची आहेत. कादंबरीकार सॅलिंजरने आपल्या चरित्रकाराला 1987मध्ये अमेरिकन न्यायालयात याच मुद्द्यावर अडवलं. पत्रं विद्यापीठांच्या ग्रंथालयांत होती, कुणीही जाऊन वाचावीत अशी. तरी ती उद्धृत करायला, अगदी जवळून शब्द बदलून सांगायलाही, मनाई झाली आणि पुस्तक नव्याने लिहावं लागलं.

मग मुलगी. तिला छापील पुस्तकातून कळता कामा नये. तिने ट्रंक विश्वासाने दिली, आणि तळापर्यंत ती कधी गेली नव्हती एवढाच याचा अर्थ. गठ्ठा तसाच बांधून तिच्यासमोर ठेवा, काय आहे ते एका वाक्यात सांगा, आणि वाचायचं की नाही हे तिला ठरवू द्या. कदाचित ती म्हणेल, मला माहीत आहे. हा अनुभव मला दोनदा आला. घरच्यांना माहीत नसतं असं आपल्यालाच वाटतं.

आणि त्या बाई हयात असतील तर प्रकाशकाआधी त्यांच्याकडे जा.

माझ्या तिसऱ्या चरित्रात असाच गठ्ठा होता. त्यातलं एक पत्र तीन ओळींचं : "आता माझ्याने येणं होणार नाही. वाट पाहू नका. समजून घ्याल." त्यानंतर त्या लेखकाने सहा वर्षं काहीही लिहिलं नाही. मी दोन्ही जोडलं. प्रकरण फार छान उतरलं होतं, मलाच वाचताना भरून यायचं. बाई ऐंशी ओलांडलेल्या. मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, वाचली, उलटी करून मागे बघितलं.

"हे वाचनाला जायचं होतं तेव्हाचं. मला ताप भरला होता. पुढच्या आठवड्यात भेटलो की." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही यावर लिहिलंय का काही?"

"बावीस पानं."

"बावीस!" त्या हसता हसता खोकल्या. "ताप तर दोनच दिवस होता." खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "ती सहा वर्षं का, ते त्यांच्या बायकोला विचारा. मी काय सांगणार?"

बायकोला मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, धाकटी आजारी असायची तेव्हा. मी ते एका ओळीत टिपून पुढे गेलो होतो, कारण त्याला कागदाचा आधार नव्हता. घरी येऊन मी त्यांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. चार वर्षं माझ्याच कपाटात होत्या, कंटाळवाण्या म्हणून न उघडलेल्या. बायकोच्या बारीक अक्षरात भाजी, दूध, फी, आणि जवळजवळ दर आठवड्याला एक शब्द : औषध. सहा वर्षं. मग एका महिन्यापासून तो शब्द येत नाही, आणि त्याच पानावर खाली, पहिल्यांदाच : कागद, एक रीम.

तुमच्या ट्रंकेतही हिशेबाच्या वह्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. गठ्ठा सोडण्याआधी त्या वाचा.